मदत हवी आहे: भुलीनंतर लठ्ठ पेशंटचा श्वास नीट चाललाय हे नेमकं कशावरून ठरवता?

नमस्कार. मी ऑपरेशन थिएटरला लागून असलेल्या रिकव्हरीत सिस्टर आहे. भूलतज्ज्ञ, आयसीयूतले डॉक्टर आणि रिकव्हरी सांभाळणाऱ्या सिस्टर-ब्रदर यांच्याकडून सल्ला हवा आहे.

मागच्या आठवड्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढलेले एक काका आले. बीएमआय ४३, मान आखूड आणि जाड. पूर्ण भूल, दुखण्यासाठी फेंटानिल (मॉर्फिनच्या जातीचं, श्वास मंदावू शकणारं औषध). मास्कने ६ लिटर ऑक्सिजन, सॅच्युरेशन (बोटावरच्या चिमट्याने मोजलेलं रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९८, मॉनिटरवर श्वसनाचा दर १४. चार्टवर सगळं छान. शेजारच्या पेशंटचं सलाईन बघताना जाणवलं, काकांचं घोरणं बंद झालंय. पोट वर-खाली होत होतं, पण नाकातोंडापुढे तळहात धरला तर हवा लागेना. खांदा हलवून "काका, मोठा श्वास घ्या" म्हटलं, जबडा पुढे उचलला, तेव्हा घर्रकन श्वास आत गेला. सॅच्युरेशन घसरून ९३ वर आलं ते त्यानंतर! बोटावरचा आकडा मागून येतो हे माहीत होतं, पण डोळ्यांदेखत पाहिल्यापासून चैन पडत नाही.

आमच्या मॉनिटरवरचा श्वसनदर ईसीजीच्या इलेक्ट्रोडवरून येतो. छाती हलली की तो श्वास धरतो, मग घसा मिटलेला असला तरी. आणि ऑक्सिजन चालू असला की श्वास उथळ होऊन कार्बन डायऑक्साइड साठत गेला तरी सॅच्युरेशन बराच वेळ चांगलं दिसतं. म्हणजे ज्या दोन आकड्यांवर मी विसंबून होते, ते दोन्ही त्या क्षणी उपयोगाचे नव्हते. त्यात लठ्ठ माणूस उताणा झोपला की पोट छाती-पोटामधल्या श्वासपटलाला वर ढकलतं, फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते, त्यामुळे एकदा घसरण सुरू झाली की ती झपाट्याने होते.

तेव्हापासून मी डोकं-छाती ३० अंश उंच ठेवते, पूर्ण एक मिनिट श्वास स्वतः मोजते आणि स्टॉप-बँगचे (झोपेत श्वास अडकण्याचा धोका किती, हे ठरवणारे) आठ प्रश्न फाइलमध्ये भरलेत का ते आधी बघते. ५ किंवा जास्त गुण असले तर भूलतज्ज्ञांना लगेच सांगते.

आता अडलेलं विचारते. आम्हाला कॅप्नोग्राफीची (बाहेर सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून आकडा आणि आलेख दाखवणारी) नाकातली नळी मिळू शकते. पण तोंडाने श्वास घेणाऱ्यांत आणि वरून ऑक्सिजन चालू असताना तिचा आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. मग तुम्ही आकडा सोडून फक्त आलेख बघता का? आलेख सपाट झाला तर नळी सरकली की श्वास थांबला, हे पटकन कसं ओळखता? तोंडापुढेही छिद्र असलेली नळी वापरून कुणाला फरक जाणवलाय का?

दुसरं, वॉर्डात कधी पाठवायचं? आमच्याकडे पेशंट जागा, बोलतोय, सॅच्युरेशन ठीक, की पाठवतात. पण आपण बोलत असतो तोवर तो श्वास घेतोच. मला वाटतं, ऑक्सिजन काढून, कुणी हात न लावता, शक्यतो झोप लागू देऊन बघायला हवं. तुमच्याकडे असं किती वेळ बघतात, आणि पुढचे पेशंट दारात असताना ते कसं जमवता?

शेवटचं, आणि मला सगळ्यात काळजी याचीच वाटते. काही जण "दुखतंय, दहापैकी आठ" म्हणतात आणि वाक्य पुरं व्हायच्या आत डोळे मिटतात. अशांना मी पुढचा मॉर्फिनचा डोस थांबवून डॉक्टरांना बोलावते. पण ते दुखणंही खरंच असतं. पॅरासिटामॉल आधीच दिलेलं असेल तर तुम्ही पुढे काय देता, आणि सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) लावायची वेळ आली हे कशावरून ठरवता?