येरवड्याच्या जुन्या गालिच्याला कसर लागली आहे, धुवावा का?

प्रश्न
पुण्यातल्या आमच्या घरी आजोबांनी येरवडा कारागृहातून विकत घेतलेला सहा बाय नऊ फुटांचा गालिचा आहे; ताणा (आतले उभे धागे) सुती, लव (वरचे मऊ तंतू) लोकरीची, मधली जमीन गडद लाल आणि किनार मोतिया. चार वर्षे तो दिवाणाखाली गुंडाळून पडला होता. परवा उलगडला, तर एका कोपऱ्यात तळहाताएवढ्या भागातली लव पार गेलेली दिसली आणि तिथे तांदळाच्या दाण्यांसारख्या पांढुरक्या नळ्या चिकटलेल्या होत्या. शेजारच्या काकू रिठ्याच्या पाण्यात भिजवायला सांगत आहेत. ते योग्य ठरेल का?

प्रतिसाद १
निदान आत्ता तरी धुऊ नका. ही कसर, म्हणजे एका लहान पतंगाची कीड आहे. उडणारे पतंग लोकर खात नाहीत, खातात त्या अळ्या, आणि त्यांना अंधाराची, कोणी न हलवलेली जागा लागते. दिवाणाखाली ती आयतीच मिळाली. गालिचा चादरीवर पालथा घाला आणि पाठीवर हाताने हलके थोपटा. किती बारीक रेती गळते ते पाहून आपण चकित व्हाल; हीच रेती पावलांखाली लवेची मुळे कापत असते. मग व्हॅक्यूम क्लीनर कमी जोरावर, फिरता ब्रश न लावता, आधी पाठीवरून आणि नंतर लवेच्या कलाने फिरवा. दशांवर (टोकांच्या सुट्या दोऱ्यांवर) मात्र मुळीच नको, त्या ओढल्या जाऊन तुटतात. गोळा झालेला कचरा लगेच घराबाहेर टाका. दिवाणाखालची फरशी आणि भिंतीच्या कडाही साफ करा, नाहीतर कसर परत येईल.

प्रतिसाद २
काकूंचा रिठा अगदीच चुकीचा नाही, शालींना तो चालतो. अडचण पाण्याची आहे. मी असाच एक गालिचा गच्चीवर धुतला होता. वरची लव संध्याकाळपर्यंत कोरडी वाटली, पण आतला सुती ताणा दोन दिवस ओला राहिला, कुबट वास बसला आणि लाल रंग किनारीत उतरला तो कायमचाच. आधी पांढरे सुती फडके ओले करून लाल भागावर मिनिटभर दाबून पाहा. डाग काढणाऱ्या पावडरी तर दूरच ठेवा, कारण त्यांपैकी अनेकींत प्रथिने विरघळवणारी विकरे (एन्झाइम) असतात आणि लोकर हे प्रथिनच आहे.

प्रश्नकर्ती
फडके गुलाबी झाले, त्यामुळे धुण्याचा विचार सोडला आहे. गेलेल्या लवेचे काय करावे?

प्रतिसाद १
खालचा ताणा शाबूत असेल, तर गालिच्याचे काम करणारा रफूगर जुळत्या लोकरीच्या नव्या गाठी घालू शकतो. तोवर त्या कोपऱ्यावर पाय पडू देऊ नका. पुन्हा ठेवायचा झाल्यास घडी न घालता जाड नळीवर गुंडाळा आणि धुतलेल्या सुती कापडात बांधा. प्लास्टिकमध्ये पावसाळ्यात ओल कोंडते. डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका. दर दोन महिन्यांनी उलगडून पाठ तपासा.