तिलापिया खात नाहीत, अमोनिया वाढलाय. ३०० वॅटचा हीटर पुरेल का?

जलपर्णी:

गच्चीवर ५०० लिटरची टाकी आहे. तिच्या वर खडीचे दोन वाफे, प्रत्येकी २५० लिटरचे, त्यांत पालक लावलाय (अ‍ॅक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या पाण्यावर भाजी). पंप तासाला १५ मिनिटं चालतो, बेल सायफनमधून (वाफा भरला की तो आपोआप रिकामा करणारी नळी) पाणी परत टाकीत पडतं. तळहाताएवढ्या २२ तिलापिया आहेत. गरम दिवसांत सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की टेस्ट किट कुठे ठेवलंय तेही मी विसरले होते.

गेल्या तीन आठवड्यांत पहाटेचं पाणी २६ अंशांवरून १७ वर आलंय. मासे तळाशी एका कोपऱ्यात गोळा होऊन बसतात. सकाळी ८ला टाकलेलं खाद्य दुपारीसुद्धा तसंच तरंगत असतं, दाणे फुगून कापसाच्या बोंडासारखे दिसतात. मला वाटलं आजारी असतील, म्हणून कमी करायचं सोडून दोन दिवस मूठभर जास्तच टाकलं (हसा, हसा). काल किट सापडलं: अमोनिया २, नायट्राइट १ (दोन्ही लिटरला मिलिग्रॅम), पीएच ७.२. पालकाची नवी पानं पिवळी पडलीत, शिरा मात्र हिरव्या आहेत.

३०० वॅटचा हीटर लावून पाणी सरळ २७ वर न्यायचं ठरवलंय. पुरेल, की ५००चा घेऊ?

सायफनराव:

हीटर घ्या, पण त्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. आज रात्री १०ला टाकीतलं तापमान बघा आणि लगेच तोच तापमापक सायफनमधून पडणाऱ्या पाण्याखाली धरा. माझ्याकडे टाकीत २१ होतं आणि वाफ्यातून परत येणारं पाणी साडेसतरा! म्हणजे दर तासाला मी कोमट पाणी थंडगार खडीवरून फिरवून आणत होतो. खडीचा वाफा रात्री म्हणजे गाडीचा रेडिएटर. तो तसाच चालू ठेवून हीटर लावणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी भरणं.

आता हिशेब. ५०० लिटर पाणी एक अंशाने तापवायला ०.५८ युनिट वीज लागते. ३०० वॅटच्या हीटरला त्यासाठी जवळपास दोन तास हवेत, तेही उष्णता कुठेच गळत नसेल तर. उलट बाजूने बघा: टाकीतल्या एक लिटर पाण्याची वाफ झाली तर उरलेलं पाणी एक अंशाहून जास्त थंड होतं. म्हणून पहिला खर्च झाकणाचा. थर्मोकोलची शीट कापून पाण्यावर तरंगत ठेवा, हवेचे बुडबुडे फुटतात तेवढी जागा मोकळी सोडा. टाकीच्या बाजूंनाही थर्मोकोल बांधा, आणि तळाखाली विसरू नका.

वाफ्याचा पंप रात्री १० ते सकाळी ८ बंद. टाकीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) मात्र चोवीस तास चालू हवा, त्यात हयगय नाही.

आणि एकदम २७ कशाला? तुमच्या पीएचला १७ अंशांत एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. २७ला तो एक टक्का होतो. अमोनिया खाणारे जिवाणू रातोरात दुप्पट होणार नाहीत, विष मात्र होईल. २२-२३ पुरे, रोज एक-दीड अंश चढवत न्या.

खाद्य आज बंद, तरंगणारं जाळीने काढून टाका. पहिलं आकडे दोन दिवस मोजा, मग बोलू.

दोन थेंब:

सायफनरावांशी बाकी सगळं पटतं, रात्रभर पंप बंद सोडून. जिवाणू खडीत असतात आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. सायफन नीट रिकामा होत असेल तर खडी ओली राहते, हवा खेळते, एक रात्र ते सहज काढतात. पण वाफ्याच्या तळाशी गाळ साचला असेल तर तिथलं पाणी सकाळपर्यंत कुजकट होतं आणि पहिल्या फेरीत ते सगळं माशांच्या अंगावर. माझ्याकडे असा वास आला होता, अंड्यासारखा. मी रात्री दर तीन तासांनी एकच फेरी ठेवते. अंशभर तापमान जातं, जाऊ दे.

नायट्राइट १ ची मला अमोनियापेक्षा जास्त काळजी वाटते. ते रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद मारतं, कल्ले तपकिरी दिसायला लागतात. साधं खडे मीठ लिटरला एक ग्रॅम, म्हणजे तुम्हाला अर्धा किलो. बादलीत विरघळवून दोन दिवसांत अर्धं अर्धं टाका. त्यातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं. पालकाला एवढं चालतं, स्ट्रॉबेरी असेल तर नको. आणि एकदाच! मीठ उडून जात नाही, पाणी बदलल्याशिवाय कमी होत नाही.

पानांचं: नवं पान पिवळं, शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी. थंड मुळांना ते उचलताही येत नाही, म्हणून आधी पाणी २० च्या वर येऊ द्या. तरी पिवळीच राहिली तर डीटीपीए प्रकारचं चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलंच राहील असं बांधलेलं), लिटरला २ मिलिग्रॅम लोह पडेल इतकं. ११ टक्क्यांची पूड असेल तर तुमच्या टाकीला ९ ग्रॅम.

कोईवेडा:

मासेच बदला की. कोई आणि गोल्डफिश १० अंशांतही निवांत असतात. तिलापिया १६-१७ला खाणं सोडतात आणि १०-१२ला मरायला लागतात. दरवर्षी हीच रडकथा.

सायफनराव:

@दोन थेंब, गाळाचा मुद्दा मान्य. माझा वाफा मी दोन महिन्यांपूर्वीच उपसून धुतलाय, म्हणून मला सुचलं नाही.

@जलपर्णी, हीटर लावताना एक लक्षात ठेवा. वाफे भरतात तेव्हा टाकीची पातळी खाली जाते. माझा हीटर मी उभा लावला होता, पातळी उतरली, काच उघडी पडली, तापली आणि पाणी परत चढताच तडकली. नशीब, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच होता. आडवा, तळापासून वीतभर वर लावा.

जलपर्णी:

नऊ दिवसांनी येतेय, माफ करा.

सायफनखाली तापमापक धरला. टाकी १८.४, पडणारं पाणी १५.१. मी तशीच हात धरून उभी राहिले, बोटं बधिर झाली. महिनाभर मी हे रोज पाहत होते आणि छान खळखळतंय म्हणत होते!

झाकण केलं, बाजू बांधल्या, रात्री दर तीन तासांनी एक फेरी (वाफा उकरून पाहिला, गाळ होता, म्हणून दोन थेंबचं ऐकलं). मीठ टाकलं. पाच दिवस खाद्य शून्य. घरातले मला निर्दय म्हणाले. हीटर ३०० चाच, आडवा. त्याआधी नुसत्या झाकण-बांधणीने पहाटेचं पाणी १९ वर आलं होतं. आता २२.

काल अमोनिया ०.५, नायट्राइट ०.२५. दुपारी २ला, पाणी सगळ्यात कोमट असताना, चिमूटभर दाणे टाकले. आधी काहीच नाही. मग एक आली, दाणा तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला. पाच मिनिटांत साफ.

एकच शंका. पालकाची नवी पानं हिरवी यायला लागलीत, पण खालची जुनी पानं मागच्या बाजूने जांभळट झालीत. ही कशाची कमतरता?

दोन थेंब:

फॉस्फरसची असावी. थंडीत मुळं तोही नीट उचलत नाहीत, त्यामुळे टाकीत कमी असेलच असं नाही. लगेच काही ओतू नका. ती पानं खुडून टाका, मासे पुन्हा पोटभर खायला लागले की दोन आठवड्यांनी बघा. आणि वाफ्यातला गाळ काढताना अर्धाच वाफा एका वेळी धुवा, तोही टाकीच्याच पाण्याने.