मदत हवी आहे : शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जायचंय, काय पाळायचं?

नमस्कार. येत्या शनिवारी सकाळी मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या शार हाशामाइम सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रार्थनास्थळात, जाणार आहोत. १८७९ सालची ही वास्तू शाळेत जाता-येता रोज बाहेरून पाहिली, आत कधी गेले नाही. आमच्या जुन्या बिल्डिंगमधल्या आँटींच्या नातवाला तेरा वर्षं पूर्ण झाली, त्याचा बार मित्झवा आहे. सगळ्यांसमोर तो पहिल्यांदा तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचणार.

आँटी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. त्यांच्याकडे मलिदा, म्हणजे देवाचे आभार मानायचा विधी, असला की गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे आणि फळं असं ताट आमच्या घरी यायचंच. एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं. दहावीला अंकलनी माझ्याकडून गणित करून घेतलं, एक पैसा न घेता. गेल्या पावसाळ्यात ते गेले.

काय नेसू, काय आणू विचारलं तर आँटी म्हणतात, “तू घरचीच, विचारतेस काय? माझ्या बाजूला बस म्हणजे झालं.” म्हणून इथे विचारते. मला तिथे बघ्यासारखं बसायचं नाहीये.

पुरुषांनी डोकं झाकायचं एवढं माहीत आहे. टोपी तिथे मिळते की घरून न्यायची? मी पदर घ्यायचा का? बायका वेगळ्या बसतात, मग कधी उठायचं, कधी बसायचं हे नवऱ्याला कोण सांगणार? आँटींच्या नातवाला १००१ रुपयांचं पाकीट द्यायचंय, ते कधी देऊ? माझा मुलगा विचारतोय, “तिथे देव कुठे ठेवतात?” त्याला काय सांगू? आणि सगळ्यात महत्त्वाचं : अंकलसाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणतील तेव्हा मी काय करायचं?

प्रतिसाद

शालोम ताई. माझं लहानपण अलिबागच्या इस्राएल आळीत गेलं, आता इस्रायलमध्ये अश्दोदला असतो. वाचून घरची आठवण आली.

पाकीट शनिवारी नेऊच नका. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, पैशाला हात लावत नाहीत, तुम्ही पुढे केलंत तर बिचारा मुलगा अडचणीत येईल. रविवारी घरी द्या. मिठाई घरून करून नेण्यापेक्षा फळं बरी, त्यात कोशेरचा, म्हणजे आमच्या खाण्याच्या नियमांचा, प्रश्न येत नाही. फोन पूर्ण बंद ठेवा. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, कागद-पेनही नाही, कारण त्या दिवशी लिहिणंसुद्धा वर्ज्य. तुम्ही रिक्षाने आलात म्हणून कोणी नावं ठेवणार नाही, वाहन न वापरण्याचा नियम आमच्यावर आहे.

एक काम मात्र आजच करा. तुम्ही तिघं येणार हे आँटींना आधी तिथे कळवायला सांगा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावरच्या २००८च्या हल्ल्यानंतर दारावर चौकशी कडक झाली आहे. त्यात अपमान मानू नका.

टोप्या बहुतेक सिनेगॉगमध्ये दाराशीच ठेवलेल्या असतात, तरी खिशात मोठा रुमाल असू द्या. खांद्यावर घ्यायचं झालरीचं वस्त्र, आम्ही त्याला सिसीथ म्हणतो, ते पाहुण्यांनी घ्यायचं नसतं. तुम्ही साडी नेसा, पदर डोक्यावर घेतलात तर छानच. नवऱ्याला सांगा, शेजारचा उठला की उठायचं. हेखाल, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीतलं पवित्र कपाट, उघडलं की सगळेच उभे राहतात. पश्चिमेला का, तर आपल्याकडून जेरुसलेम त्या दिशेला. आत मूर्ती नसते, हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या असतात. त्या बाहेर काढून फिरवतात तेव्हा पाठ करू नका. प्रार्थनेचं पुस्तक मिळालं तर ते जमिनीवर ठेवू नका. ते उजवीकडून उघडतं.

मुलाला सांगा, इथे देव बघायचा नसतो, कान द्यायचा असतो. ‘शेमा इस्राएल’ म्हणजेच ‘हे इस्राएल, ऐक’. ते म्हणताना लोक उजव्या हाताने डोळे झाकतात, ते त्याला नक्की दिसेल. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून आमचे पूर्वज कोकणात उतरले असं आम्ही मानतो. पोथ्या बुडाल्या, बाकी प्रार्थना विसरल्या, पण शेमा तोंडात राहिला, असं आजी सांगायची.

कद्दिशमध्ये मरणाचा शब्दही नाही. अरामी भाषेतली ती देवाची स्तुती आहे आणि ती म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. पाहुणा त्या दहांत मोजला जात नाही, पण ‘आमेन’ कोणीही म्हणावं. आँटी उभ्या राहिल्या तर तुम्हीही राहा. अंकलचं नाव मनात घ्या.

धागाकर्तीकडून, रविवार

जाऊन आलो. दादा, तुमचे खूप आभार.

नवऱ्याच्या शेजारी एक आजोबा बसले होते. त्यांनी अडीच तास दर वेळी पुस्तकाचं पान काढून दिलं. मुलाने शेमाच्या वेळी डोळे झाकले, मी सांगितलं नव्हतं. कद्दिश अंकलच्या मुलाने म्हटली. त्याचा आवाज मध्येच थांबला. मला आमेन कुठे म्हणायचं कळेना, तर आँटींनी माझा हात धरला आणि प्रत्येक आमेनला दाबला.

शेवटी काळ्या मनुकांचं सरबत मिळालं. वाइनच्या जागी हेच घेतात, असं आँटी म्हणाल्या. आता पाकीट आणि चिकू घेऊन त्यांच्याकडे निघालोय.