व्हॉल्व्हच्या रेडिओत हमिंग (सततची घूं-घूं) आलं की सरसकट सगळे कंडेन्सर बदलायचे का?

मध्यमलहरी
माझं उत्तर: नाही. आधी कान लावा. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही हमिंग तेवढंच राहिलं, तर दोष पॉवर सप्लायमध्ये किंवा आउटपुट व्हॉल्व्हमध्ये. व्हॉल्यूमबरोबर ते कमीजास्त झालं, तर कंट्रोलच्या आधी शोधा. फक्त स्टेशन लागल्यावरच घुमतं? मग मेन्सकडून (घरच्या विजेकडून) चेसिसला, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला, जाणारा छोटा कंडेन्सर पाहा. ईझेड ८० (एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह) असलेल्या सेटमध्ये सुकलेल्या फिल्टरचा (पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरचा) सूर १०० हर्ट्झचा, हीटर-कॅथोड लीकेजचा (व्हॉल्व्हच्या हीटरमधून कॅथोडकडे गळणाऱ्या करंटचा) ५० हर्ट्झचा, म्हणजे बराच खर्जातला. एका बैठकीत वीस कंडेन्सर बदलले आणि एक जोड चुकला, तर मूळ दोष कुठला नि आपण घातलेला कुठला, कळणार कसं?

सोल्डरगन
अजिबात पटत नाही. कान लावायला सेट चालू करावा लागतो, आणि घात तिथेच होतो. ईएल ८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (करंट आवरणाऱ्या जाळीकडे) जाणारा जुना पेपर कंडेन्सर लीक असला की ग्रिड पॉझिटिव्ह होतो, व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो, हमिंग वाढतं आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर तापून जातो. तो परत कुठून आणणार?

मध्यमलहरी
तो एक आधी बदला, मान्य: तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर. मग सेट तापल्यावर ईएल ८४ च्या पिन २ वर (ग्रिडवर) मीटर लावा. अर्धा व्होल्ट जरी पॉझिटिव्ह दिसला तरी बंद करा. पण फिल्टरच्या बाबतीत तुमच्या घाईचाच धोका जास्त. ‘मोठा घातला की हमिंग मरतं’ म्हणून लोक २२० मायक्रोफॅरड ठोकतात. ईझेड ८० ला पहिल्या फिल्टरची मर्यादा ५० ची. त्यावर गेलात तर चार्जिंगच्या धक्क्याने रेक्टिफायरच जातो. ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट पुरे. जुना फिल्टरचा डबा आधी हळूहळू चार्ज करून पाहा, कधीकधी तो सावरतो.

सोल्डरगन
सावरतो तो ऑक्साइडचा थर. सुकलेलं इलेक्ट्रोलाइट परत येत नाही. डबा शोभेला वरच राहू द्या, पण त्याच्या तारा सोडवा आणि नवा चेसिसखाली बसवा. जुन्याला समांतर जोडून ठेवणं तर मुळीच नको, लीकेज तसंच राहतं.

चेसिसखाली
दोघांनीही एक सांगितलं नाही. यूवाय ८५, यूसीएल ८२ हे व्हॉल्व्ह असलेल्या एसी/डीसी सेटमध्ये मेन्सची एक तार थेट चेसिसला असते. मेन्सच्या तारेत मधे जोडलेला सिरीज बल्ब शॉर्टपासून वाचवतो, शॉकपासून नाही. सेटला मेन्सपासून अलग ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. आणि बंद केल्यावरही फिल्टर १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने रिकामा करा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला.