मदत हवी आहे: घर्षण धरलं तरी चूक, नाही धरलं तरी चूक!

धांदरट (रात्री ९:१२)
एकावर एक दोन ठोकळे. वरचा १ किलो, खालचा ४ किलो. दोघांमधला घर्षणांक ०.३. बल लावलंय (अ) १० न्यूटन (ब) २० न्यूटन. दोघांची त्वरणं काढा.
(अ) मध्ये घर्षण धरून केलं तर चुकलं, पुस्तकात दोघांनाही २ दिलंय. घर्षण सोडून दिलं की १० भागिले ५, बरोबर २ येतं. म्हणून (ब) पण तसंच केलं, २० भागिले ५ बरोबर ४. तर तिथे दोघांची उत्तरं वेगवेगळी! उद्या सकाळी पेपर आहे. घर्षण कधी धरायचं आणि कधी नाही, एवढंच एका ओळीत सांगा. न्यूटनचे तीन नियम पाठ आहेत, ते परत नकोत.

गोगलगाय (९:१९)
बल कुठल्या ठोकळ्याला लावलंय?

कुतूहल (९:२०)
आणि जमीन? गुळगुळीत की खरखरीत?

निवृत्त मास्तर (९:२६)
तीन नियम पाठ आहेत म्हणणाऱ्यांचाच पहिला नियम कच्चा असतो, हा माझा अनुभव. म्हणून सांगतोच. वस्तूवरचं एकूण बल शून्य असेल तर थांबलेली थांबून राहते, चालती त्याच वेगाने त्याच दिशेने सरळ चालत राहते. बल लागतं ते गती बदलायला, गती टिकवायला नव्हे. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर १ हे अंतराळयान सेकंदाला साधारण १७ किलोमीटरने चाललं आहे, मागून कोणी ढकलत नाहीये. हे डोक्यात बसल्याशिवाय ठोकळ्यांना हात लावू नकोस.

वाकडी फांदी (९:३१)
सोपं आहे. वरच्या ठोकळ्याला ओढताय. घर्षण जास्तीत जास्त घर्षणांक × वस्तुमान × गुरुत्वत्वरण (जी), म्हणजे ०.३ × १ × १० = ३ न्यूटन. (ब) मध्ये वरचा: २० − ३ = १७, भागिले १, त्वरण १७. खालच्यावर तेच ३ न्यूटन, भागिले ४, त्वरण ०.७५. (अ) मध्ये ७ आणि ०.७५. झालं.

धांदरट (९:३४)
१७ कुठून आलं?? पुस्तकात असलं काही नाहीये. आणि मास्तर, व्हॉयेजर पेपरात नाही.

गोगलगाय (९:३५)
बल कुठल्या ठोकळ्याला लावलंय, हे मी विचारलं होतं.

धांदरट (९:३७)
खालच्याला हो. आकृतीत दिसतंय ना.

कुतूहल (९:३८)
आकृती तुमच्यासमोर आहे, आमच्यासमोर नाही. जमीन?

वाकडी फांदी (९:४०)
प्रश्नात खालचा-वरचा काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे माझं उत्तर माझ्या प्रश्नाला बरोबरच आहे. ज्याला बल वरच्यावर लावायचं असेल त्याने जपून ठेवावं. तिथे दोघं एकत्र सरकण्याची मर्यादा ३.७५ न्यूटनच येते, हेही जाता जाता.

त्रिज्या (९:४४)
(ब) ची पुस्तकातली उत्तरं टाका, म्हणजे जमिनीचा निकाल लागेल.

धांदरट (९:४६)
खालचा ४.२५, वरचा ३. जमिनीबद्दल 'घर्षणरहित पृष्ठभाग' असं काहीतरी आहे. त्याने काय फरक पडतो?

त्रिज्या (९:५१)
बराच पडतो. जमिनीलाही ०.३ असता तर खालच्या ठोकळ्यावर जमिनीकडून ०.३ × ५० = १५ न्यूटनपर्यंत अडवणूक झाली असती आणि तुमच्या (अ) मध्ये काहीच हललं नसतं. वरच्याचं उत्तर नेमकं ३ आहे म्हणजे जी १० धरलाय. ९.८ धरला असता तर २.९४ आलं असतं. हेही तुम्ही लिहिलं नव्हतं, असो.

गोगलगाय (१०:०२)
आता सगळी माहिती आली. घर्षण दोन्ही भागांत आहे. 'धरायचं की नाही' हा प्रश्नच चुकीचा आहे, प्रश्न 'किती' हा आहे.
वरच्या ठोकळ्याकडे बघा. आडव्या दिशेने त्याला कोण ओढतंय? तुमचं बल खालच्याला लागलंय, वरच्याला ते माहीतही नाही. त्याला पुढे नेणारं एकच बल, खालच्याकडून मिळणारं घर्षण. ते जास्तीत जास्त ३ न्यूटन. वस्तुमान १ किलो. म्हणजे वरचा काही केल्या ३ मी/से² पेक्षा जास्त त्वरणाने जाऊ शकत नाही. दोघं मिळून ५ किलो, तेव्हा एकत्र जाण्यासाठी बलाची मर्यादा ५ × ३ = १५ न्यूटन.
१० न्यूटन मर्यादेच्या आत. दोघं चिकटून जातात, १० भागिले ५ = २. आता घर्षण किती? १ × २ = २ न्यूटन. तीन नाही! तुम्ही 'घर्षण धरलं' तेव्हा थेट ३ धरलं असणार, तिथेच घोळ.
२० न्यूटन मर्यादेबाहेर. वरचा मागे घसरतो, घर्षण पूर्ण ३. वरचा ३, खालचा (२० − ३) भागिले ४ = ४.२५.
५ ने भागताना घर्षण 'सोडलं' असं वाटतं, पण सोडलेलं नसतं. दोघांना मिळून एक वस्तू मानलं की वरच्यावर पुढे आणि खालच्यावर मागे, अशी ती जोडी आतल्या आत कटते.

धांदरट (१०:०९)
थांबा. (अ) मध्ये ३ धरून माझं वरच्याचं ३ आणि खालच्याचं १.७५ आलं होतं. ते चूक आहे हे नुसतं बघून कसं ओळखायचं? आणि घर्षण गतीला विरोध करतं ना? मग वरच्यावर पुढे कसं? नियमच मोडला की.

कुतूहल (१०:१३)
ओढताय खालच्याला आणि वरचा त्याच्यापुढे पळतोय, तेही घर्षणाच्या जोरावर? असं उत्तर दिसलं की समजायचं घर्षण गरजेपेक्षा जास्त धरलंय. स्थितिक घर्षण (घसरण सुरू होण्याआधीचं) उसनवारीसारखं आहे, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, पण लागेल तेवढंच मिळतं.

त्रिज्या (१०:१८)
घर्षण 'गतीला' विरोध करतं हे वाक्य अर्धंच शिकवतात. ते विरोध करतं ते दोन पृष्ठभाग एकमेकांवरून घसरण्याला. खालचा पुढे सटकायला बघतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने वरचा मागे राहतो. ते होऊ नये म्हणून वरच्यावर घर्षण पुढे. आपण चालतो तेही असंच, पाय जमिनीला मागे रेटतो आणि जमीन घर्षणाने आपल्याला पुढे ढकलते. घर्षण नेहमी मागेच असतं तर एक पाऊल टाकता आलं नसतं.

भिंगरी (१०:२१)
एवढं काही करायची गरज नाही. मी नेहमी छद्म बल वापरते, म्हणजे त्वरणाने जाणाऱ्या वस्तूवर बसून बघताना उलट दिशेने मानायचं बल. खालच्या ठोकळ्यावर बसून बघा. (ब) मध्ये वरच्यावर मागे ४.२५ न्यूटनचं छद्म बल, पुढे ३ चं घर्षण, उरलं १.२५ मागे. दोन ओळी.

गोगलगाय (१०:२५)
४.२५ आधी कुठून आणलंत? ते काढायला माझ्याच चार ओळी लागतात.

भिंगरी (१०:२७)
मुद्दा तो नाही. पद्धत म्हणून छद्म बल जास्त चांगलं, वरचा मागे का घसरतो ते डोळ्यांना दिसतं.

निवृत्त मास्तर (१०:३३)
छद्म बल नवशिक्याच्या हातात देऊ नये. मुलं जमिनीवर उभी राहूनही ते लावतात आणि मग एकाच वस्तूला दोनदा शिक्षा होते. ते बल लावणारी वस्तू दाखवता येत नाही. प्रत्येक बलापाशी 'हे कोण लावतंय?' असं विचारायची सवय लावावी. उत्तर सापडत नसेल तर ते बल आकृतीतून खोडावं. जमिनीवरून बघणाऱ्याला एवढंच पुरतं.

भिंगरी (१०:३६)
खालच्या ठोकळ्यावरून बघतेय असं पहिल्या वाक्यात सांगितलंय मी. चौकट सांगून केलं की बिनचूक असतं.

रिकामा डबा (१०:३८)
म्हणूनच गाडीत एबीएस असावं. चाक लॉक होऊन रस्त्यावर घासायला लागलं की गतिक घर्षण, ते बहुधा स्थितिकापेक्षा कमी. शिवाय घासणारं चाक वळवून गाडी वळत नाही. एबीएस ब्रेक सोडत-पकडत चाक फिरतं ठेवतं. नवीन गाडी घेताना हे जरूर बघा.

धांदरट (१०:४०)
गाडी कोण घेतंय??

कुतूहल (१०:४१)
डब्यात एक कामाची गोष्ट निघाली. प्रश्नात स्थितिक आणि गतिक असे दोन घर्षणांक दिले असतील तर एकत्र जातील का हे तपासायला स्थितिक वापरायचा, घसरायला लागल्यावर गतिक. इथे एकच दिलाय, म्हणजे दोन्ही सारखे मानलेत.

वाकडी फांदी (१०:४५)
मला एक सांगा. वरचा खालच्याला ३ ने मागे, खालचा वरच्याला ३ ने पुढे. क्रिया-प्रतिक्रिया समान. मग बेरीज शून्य, मग काहीच हलायला नको. ही शंका मला शाळेपासून आहे.

त्रिज्या (१०:५०)
दोन बलं वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत. एका वस्तूचं त्वरण काढताना फक्त तिच्यावरची बलं मोजायची. तिने दुसऱ्याला काय केलं तो दुसऱ्याचा हिशोब.

निवृत्त मास्तर (१०:५५)
शाबास. आणि म्हणून पहिला नियम आधी. काही लोक त्याला दुसऱ्या नियमाचा एक प्रकार मानतात, बल शून्य तर त्वरण शून्य. तसं असतं तर न्यूटनने १६८७ साली तो वेगळा कशाला मांडला असता?

त्रिज्या (११:०१)
न्यूटनने वेगळा मांडला म्हणून तो वेगळा, हा काही युक्तिवाद नाही मास्तर. पटण्याजोगं कारण असं की बाकीचे नियम कुठल्या चौकटीतून बघताना चालतात, ते पहिला सांगतो. भिंगरीची चौकट तिथे बसत नाही म्हणून तिला छद्म बल लागतं. आणि एफ बरोबर एम गुणिले ए (बल = वस्तुमान × त्वरण) हे न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथात या रूपात नाहीच, तिथे गतीतला बदल लावलेल्या बलाच्या प्रमाणात असतो असं म्हटलंय. आपण घोकतो ते रूप गणितज्ञ ऑयलरने पुढे अठराव्या शतकात दिलं.

रिकामा डबा (११:०३)
अपोलो १५ च्या वेळी, १९७१ साली, डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं होतं. दोन्ही एकाच वेळी पडली. बघितलं नसेल तर बघा, भारी आहे.

धांदरट (११:०६)
अहो माझा पेपर! (क) पण आहे. खालच्या ठोकळ्याची लांबी २.५ मीटर, वरचा किती वेळात पडेल. उत्तर २ सेकंद दिलंय. मला ४.२५ वापरून १.०८ येतंय.

गोगलगाय (११:०८)
हा (क) आत्तापर्यंत कुठे होता? वरचा सुरुवातीला कुठे ठेवलाय, पुढच्या टोकाला? आणि बल २० च ना?

धांदरट (११:०९)
हो, पुढच्या टोकाला, आकृतीत आहे. बल (ब) चंच. वरचा लहान आहे, त्याची लांबी धरू नका असं लिहिलंय.

भिंगरी (११:१३)
आता माझी पद्धत कामाला येते की नाही बघा. खालच्यावर बसून वरचा १.२५ ने मागे येतोय. २.५ = अर्धा × १.२५ × वेळेचा वर्ग. वर्ग ४, वेळ २ सेकंद. तुम्ही ४.२५ वापरलं म्हणजे वरचा जागेवरच उभा आहे असं मानलं.

गोगलगाय (११:१९)
जमिनीवरूनही तेच येतं. २ सेकंदांत खालचा अर्धा × ४.२५ × ४ = ८.५ मीटर पुढे, वरचा अर्धा × ३ × ४ = ६ मीटर पुढे. फरक २.५. 'मागे पडला' म्हणतो तो ठोकळा जमिनीच्या हिशोबाने ६ मीटर पुढे गेलेला आहे. मघाशी घर्षण पुढे कसं असं विचारलं होतंत, त्याचंही उत्तर यात आलं.

धांदरट (११:२४)
हां, आता बसलं. म्हणजे आधी मर्यादा काढायची, बल आत असेल तर एकत्र भागायचं, बाहेर असेल तर वेगवेगळं आणि घर्षण पूर्ण. (ड) स्वतः करून बघतो. वरचा पडून गेल्यावर खालच्याचं त्वरण विचारलंय. २० भागिले ४, ५?

त्रिज्या (११:२६)
५. जमीन घर्षणरहित आहे म्हणून.

निवृत्त मास्तर (११:२८)
आणि वरचा सुटला त्या क्षणी त्याचा आडवा वेग ३ × २ = ६ मी/से. पडतानाही आडवा वेग तोच राहील, हवा सोडली तर अडवणारं कोणी नाही. पेपरात (इ) म्हणून हेच विचारतील, आणि तेव्हा पहिला नियमच लागेल.

रिकामा डबा (११:३१)
एबीएसबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर मी जागा आहे.