टेक-टूचा समभाग : तोट्याचा आकडा कसा वाचावा आणि पुढच्या कमाईचा अंदाज कसा बांधावा?

नमस्कार मंडळी,

टेक-टू इंटरअ‍ॅक्टिव्ह या न्यूयॉर्कच्या व्हिडिओ गेम कंपनीचे थोडे समभाग माझ्याकडे आहेत. आणखी घ्यावेत की आहेत तेवढ्यावर थांबावे, हे ठरवण्यासाठी वार्षिक अहवाल उघडून बसलो आणि नफा-तोटा पत्रकातच अडकलो. अमेरिकी कंपन्यांचे हिशेब वाचण्याची सवय असलेल्यांची मदत हवी आहे.

मार्च 2025 अखेरच्या आर्थिक वर्षात कंपनीने 4.48 अब्ज डॉलर तोटा दाखवला आहे. त्यातले सुमारे 3.55 अब्ज गुडविलच्या (कंपनी विकत घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेहून जास्त मोजलेल्या किमतीच्या) निर्लेखनाचे आहेत, आणि हे गुडविल मुख्यतः 2022 साली झिंगा ही मोबाइल गेम कंपनी विकत घेतल्यामुळे ताळेबंदात आले. त्या व्यवहाराचे मोल 12.7 अब्ज डॉलर सांगितले गेले होते. निर्लेखनात खिशातून पैसा गेला नाही, म्हणून अनेक विश्लेषक तो आकडा बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. झिंगाच्या किमतीचा मोठा भाग नवे समभाग देऊन चुकता केला होता, त्यामुळे पूर्वी साडेअकरा कोटींच्या आसपास असलेली समभागसंख्या बरीच वाढली. मे 2025 मध्ये 225 डॉलर भावाने आणखी 47.5 लाख समभाग विकले गेले आणि आता ही संख्या अठरा कोटींच्या पुढे आहे. जुन्या भागधारकाच्या दृष्टीने हा खर्च खराच झाला, असे माझे मत आहे. त्यात काही चूक असल्यास दाखवून द्यावी.

कंपनी स्वतः भर देते तो ‘नेट बुकिंग्ज’ या आकड्यावर. ऑनलाइन सेवा जोडलेल्या गेमचे पैसे आज आले तरी हिशेबाच्या नियमांमुळे महसूल पुढील काळात विभागून दाखवावा लागतो; बुकिंग्जमध्ये तो विक्रीच्या वेळीच धरला जातो. 2024-25 मध्ये हा आकडा 5.65 अब्ज होता आणि त्यातला सुमारे चार-पंचमांश भाग गेम हाती आल्यानंतर खेळाडू जो खर्च करत राहतात त्याचा होता. माझा भाचा 2013 चा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो व्ही’ अजून खेळतो आणि ऑनलाइन गाडी घेण्यासाठी शार्क कार्डवर (गेममधले चलन देणाऱ्या कार्डावर) पैसे घालतो, तेव्हा या आकड्याचा अर्थ मला नीट समजला. वीस कोटींहून अधिक प्रती खपलेल्या गेमचे हे उत्पन्न बारा वर्षांनीही आटलेले नाही.

सगळा डाव आता ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या सहाव्या भागावर आहे. तो आधी 2025 मध्ये यायचा होता, मग 26 मे 2026 ही तारीख दिली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती 19 नोव्हेंबर 2026 वर नेली. दुसऱ्या विलंबानंतरही गेम मार्च 2027 अखेरच्या आर्थिक वर्षातच येतो, पण त्या वर्षाच्या विक्रीतले जवळजवळ सहा महिने गेले. त्याच वेळी कंपनीने 2025-26 साठीचा बुकिंग्जचा अंदाज सुरुवातीच्या 5.9 ते 6 अब्जांवरून 6.4 ते 6.5 अब्जांवर नेला, तोही या गेमशिवाय. ही बाब मला सर्वांत आश्वासक वाटते.

आता मुख्य शंका. गेम बनवण्याचा खर्च बाजारात येईपर्यंत बराचसा मालमत्ता म्हणून ताळेबंदात राहतो आणि नंतर नफ्यातून वजा होत जातो, त्यामुळे पदार्पणाच्या वर्षी कागदावरचा नफा आणि हाती येणारी रोकड यांत मोठी तफावत पडेल. म्हणून मी कामकाजातून येणाऱ्या रोख प्रवाहाकडे पाहतो, पण तो 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांत किंचित उणे होता. मग मूल्यांकनासाठी पाया कोणता धरावा? 2026-27 हे एकच वर्ष धरले तर समभाग स्वस्त भासेल, आणि तेवढी कमाई दरवर्षी होणार नाही. पाच-सहा वर्षांची सरासरी धरायची झाल्यास पदार्पणानंतरच्या वर्षांत बुकिंग्ज किती टक्के घसरतील असे तुम्ही गृहीत धराल, आणि झिंगाच्या मोबाइल गेमची वाढ त्यातून वेगळी कशी काढाल?