‘मेवुशाल’ वाईन: उकळलेली, कढवलेली की आटवलेली?

रानपिंगळा
ताडोब्याजवळच्या एका निवासासाठी कर्मचाऱ्यांच्या सूचना मराठीत करते आहे. पुढच्या महिन्यात धर्म काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पाहुण्यांचा गट येतोय, शुक्रवार-शनिवार मुक्काम. शब्बाथच्या (त्यांच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या) किद्दुशसाठी, म्हणजे प्याल्यावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी, वाईन ते स्वतःच आणणार आहेत, कारण कोशेर (त्यांच्या धर्माला चालणारी) वाईन इथे जंगलात कुठून मिळणार? बाटल्या दोन प्रकारच्या असतील. ‘मेवुशाल’ वाईन कोणीही उघडली, ओतली तरी चालते. दुसरी मात्र ज्यू नसलेल्या माणसाने ओतली की ते पीत नाहीत.

मेवुशालसाठी मी लिहिलं, ‘उकळलेली वाईन’. खानसामा वाचून म्हणाला, “ताई, म्हणजे आम्ही उकळून द्यायची का?” उकळण्याचं काम वाईनरीतच होऊन गेलेलं असतं, हे माझ्या शब्दातून कळतच नाही.

आणखी एक अडचण. मागे दुसऱ्या एका ठिकाणी अशाच पाहुण्यांसाठी ‘या बाटल्यांना हात लावू नये’ अशी चिठ्ठी लावली होती. वाढायला उभा असलेला मुलगा जेवण संपेपर्यंत भिंतीला टेकून राहिला, पाण्याचा जगसुद्धा त्याने उचलला नाही. ते वाक्य मला पुन्हा लिहायचं नाही. सुचवा.

शब्दनिष्ठ
आधी ‘वाईन’ काढा. मराठीत ‘द्राक्षारस’ हा शब्द असताना उसना कशाला? ‘पक्व द्राक्षारस’ म्हणा, दोन्ही प्रश्न मिटले.

निफाडकर
द्राक्षारस म्हणजे ज्यूस हो. आमच्याकडे बागेत कोणालाही विचारा. वाईनला वाईनच म्हणतात. सुपरमार्केटात वाईन विकू देण्यावरून 2022 मध्ये केवढा वाद झाला, तेव्हा दोन्ही बाजू ‘वाईन’च म्हणत होत्या.

रानपिंगळा
निफाडकरांशी सहमत. आमच्या जिल्ह्यात तर हा फरक फार जपावा लागतो. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 पासून 2021 पर्यंत दारूबंदी होती. कपाटात काय ठेवलंय याची जबाबदारी कोणावर येते, हे इथल्या मुलांना पक्कं माहीत आहे. ‘द्राक्षारस’ लिहिलं तर बाटली सकाळच्या न्याहारीला संत्र्याच्या रसाशेजारी येईल.

अश्दोदकर
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, माहेर रेवदंड्याचं, आता इस्राएलमध्ये अश्दोदला असते. शब्दनिष्ठ अगदीच चुकत नाहीत. मराठी बायबलमध्ये वाईनला द्राक्षारसच म्हटलंय. नोहा द्राक्षारस पिऊनच धुंद झाला, ज्यूस पिऊन नव्हे. आणि किद्दुशला दोन्ही चालतात. आशीर्वाद एकच, ‘द्राक्षवेलीचं फळ निर्माण करणारा’. नियमही तेच. कोशेर नसलेला ज्यूसही चालत नाही आणि मेवुशालचा प्रश्न ज्यूसलाही लागू होतो. म्हणजे तुम्ही ज्याला संदिग्ध शब्द म्हणता, तो आमच्या कामाचा आहे.

लहानपणी घरी वाईन कुठली? आजी शुक्रवारी सकाळी काळ्या मनुका धुऊन पातेल्यात भिजत घालायची. दुपारी हाताने कुस्करायची. बिया बोटांना लागायच्या, त्या मला वेचायला द्यायची. मग मलमलीच्या फडक्यातून पिळून काढायची. तो शरबत. चांदीच्या प्याल्यावर आजोबा किद्दुश म्हणायचे ते त्या शरबतावर. मनुकांचा रस धर्मशास्त्राला मान्य आहे, ही काही तडजोड नव्हती.

मूळ प्रश्नातल्या चिठ्ठीबद्दल: ती मजकुरानेही चुकीची होती. सीलबंद बाटली कोणीही उचलावी, गाडीतून आणावी, मेजावर ठेवावी. प्रश्न सील उघडल्यावर सुरू होतो. पूर्वी वाईन मूर्तीपुढे ओतली जायची (बायबलच्या मराठीत ‘पेयार्पण’), तिथून हा निर्बंध आला. पुढे परक्यांशी एकत्र मद्यपान वाढून सोयरीक होऊ नये, हेही कारण जोडलं गेलं. उकळलेली वाईन वेदीवर चालत नसे, म्हणून तिला सूट.

शब्दनिष्ठ
मग हे सरळ ‘सोवळं’ झालं की! सोवळ्याची वाईन आणि ओवळ्याची वाईन. खानसाम्याला एका शब्दात कळेल.

वऱ्हाडवाणी
कळेल, आणि म्हणूनच लिहू नका. त्या भिंतीशी उभ्या मुलाला ‘सोवळं’ वाचून काय आठवेल याचा विचार करा. आमच्या गावात माझ्या आज्याला विहिरीवरून वरून पाणी ओतून द्यायचे. ‘शिवणं’, ‘विटाळ’, ‘सोवळं’ हे शब्द कोशात निर्मळ दिसतील, पण ते कोणाच्या अंगावर वापरले गेले ते आम्हाला ठाऊक आहे.

शब्दनिष्ठ
शब्दाचा दोष नाही, माणसांचा होता. चांगले शब्द असे टाकत गेलो तर भाषेत उरेल काय?

वऱ्हाडवाणी
सोवळ्यात पूजा करणाऱ्याने आपल्या घरात खुशाल म्हणावा. नोकरीच्या सूचनेत नको. वाक्याचा कर्ता बदला: ‘बाटली पाहुणेच उघडतील आणि ओततील.’ काम तेच होतं आणि कोणाला मागे सरा म्हणावं लागत नाही.

रानपिंगळा
हे वाक्य मी जसंच्या तसं घेते. मनापासून आभार.

घाटवाट
मी नेपाळात गट नेतो. मनांगला (3,540 मीटर) असाच शुक्रवार आला होता. त्या गटाची बाटली मेवुशाल नव्हती. त्यांच्यातला एकजण म्हणाला, आम्हीच ती स्टोव्हवर उकळतो, मग कोणीही ओतावी. पण त्यांच्या रब्बींचं (धर्मगुरूंचं) माप होतं सुमारे 80 अंश सेल्सिअस, आणि दुसऱ्याचे रब्बी त्याहून जास्त मागणारे. तिथे पाणीच 88 च्या आसपास उकळतं, वाईन त्याच्याही आधी. उकळी आली म्हणजे नेमकं किती तापलं, यावर दोघांचा अर्धा तास गेला. शेवटी त्यांनी दोन पावांवर किद्दुश केला. वाईन नसेल तर तेही चालतं.

खुंबूत (एव्हरेस्टच्या भागात) 1998 पासून काचेच्या बाटल्यांना बंदी आहे, म्हणजे वाईन दुसऱ्या भांड्यात काढणं आलं. वाईन मेवुशाल नसेल तर ते काठमांडूतच पाहुण्याने आपल्या हाताने करायचं. एका किद्दुशला लहान मापाने 86 मिली लागते, मोठ्या मापाने 150. हे आधी विचारून घ्या. पाठीवर वाहून न्यायचं असलं की हा फरक जाणवतो.

माझं मत: ‘उकळलेली’ नको, ‘तापवलेली’ बरं. आजकाल वाईनरीत क्षणभर तापवून लगेच गार करतात, उकळी येऊच देत नाहीत.

निफाडकर
तापवलेली म्हटलं की गरम आणून देतील. आमच्याकडे लोणी ‘कढवतात’. ‘कढवलेली’ म्हणजे कढवून झालेली, आता गार, ठेवणीतली. तूप बघा ना.

अश्दोदकर
जुन्या धर्मग्रंथांत मेवुशालची एक खूण अशी दिली आहे की उकळून वाईनचं माप कमी झालं पाहिजे. ते तर आपलं ‘आटवणं’. दूध आटवतो तसं. पण आजच्या बाटलीला आटवलेली म्हणणं खोटं ठरेल.

शब्दनिष्ठ
मी ‘पक्व’ म्हटलं ते उगाच नाही. पक्व म्हणजे शिजलेलं (पक्वान्न) आणि पक्व म्हणजे पिकलेलं (पक्व फळ). हिब्रूत काय आहे?

अश्दोदकर
तेच! ब-श-ल या धातूत शिजणंही आहे आणि पिकणंही. ‘बाशेल’ म्हणजे पिकलेलं फळ, ‘मेवुशाल’ म्हणजे शिजवलेलं. इतकी वर्षं दोन्ही भाषा बोलते, हे जुळतं असं कधी लक्षात आलं नव्हतं.

शब्दनिष्ठ
मग ‘कोशेर’ आणि ‘कुशल’ यांचंही नातं असणार.

अश्दोदकर
नाही हो. ‘काशेर’ म्हणजे योग्य, धर्माला चालणारं. तो शुद्ध सेमिटिक धातू आहे. पक्व-बाशेलचा योग सुंदर आहे, पण म्हणून नातं जोडू नका.

वऱ्हाडवाणी
‘पक्व वाईन’ वाचून खानसामा ती जुनी, मुरलेली समजेल. फळं पिकतात, वाईन मुरते.

रानपिंगळा
तूर्त मसुद्यात ‘मेवुशाल (आधीच तापवून गार केलेली)’ असं ठेवलंय आणि बाटल्यांच्या गळ्यात हिरवी फीत बांधायला सांगितलंय. कढवलेलीचा मोह अजून आहे. उद्या खानसाम्यालाच विचारते.

अश्दोदकर, त्या गटाने बाटल्या कमी आणल्या तर मनुकांचा शरबत करता येईल का? इथे बाजारात तासगावचे बेदाणे मिळतात.

निफाडकर
बेदाणे वेगळे, मनुका वेगळ्या. बेदाणा म्हणजे फारसीत बे-दाणा, बी नसलेला. आजी बिया वेचायला देत होत्या, म्हणजे त्या मनुकाच.

अश्दोदकर
आम्ही काळ्याच घ्यायचो, रंगासाठी. पण पाहुण्यांसाठी तुम्ही करू नका. मनुका, फडकं, पातेलं द्या आणि करायचा तर त्यांनाच करू द्या. पातेलं कोरं लागेल. पाणी किती घालायचं ते मला नीट आठवत नाही. मोठी बहीण डिमोनाला आहे, रात्री फोन करते तिला.